अठरा डिग्रीचा हत्ती

बाईंनी समुद्राला सहा मार्क दिले होते.

आम्ही दोघी बसने मद्रासजवळच्या कोवलमला गेलो होतो. बाईंनी चपला काढून हातात घेतल्या, ओल्या वाळूत उभं राहून दहा मिनिटं लाटांकडे बघितलं आणि मग पर्समधून लाल पेन्सिल काढून बसच्या तिकिटामागे आकडा लिहिला. मी विचारलं, सहाच का? म्हणाल्या, "आवाज मोठा, उत्साह बरा. पण तोच तो पाठ घोकतो गे. पुढें सरकत नाही." येताना कंडक्टरला मात्र आठ मिळाले, कारण त्याने एका म्हाताऱ्या कोळणीची टोपली स्वतः उचलून आत घेतली होती. बाईंनी त्याला बोलावून आकडा दाखवला. तो घाबरला. त्याला वाटलं, तक्रार लिहिली.

बाईंनी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता. लग्न केलं नव्हतं. अड्यारच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना टीचरम्मा म्हणत, मी बाई म्हणायची. शाळा सुटली पण पेन्सिल सुटली नाही. दारावर शेवग्याच्या शेंगा घेऊन येणाऱ्यापासून ते देवळातल्या प्रसादाच्या पोंगलपर्यंत सगळ्यांना मार्क. डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली, तर तिच्यावर "अक्षर : दोन. पुन्हा लिहून आणणें" असं लिहून माझ्या हाती परत पाठवली. मी तासभर दवाखान्याच्या बाहेर घाम पुसत उभी होते, आत जायची हिंमत होईना. शेवटी कंपाउंडरने चिठ्ठी आत नेली. डॉक्टर बाहेर आले, मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "टीचरम्मांना सांगा, माझी बायको त्यांच्या वर्गात होती, ती पण हेच म्हणते." चिठ्ठी मोत्यासारख्या अक्षरात पुन्हा लिहून दिली.

दहा मार्क बाईंनी कधी कोणालाच दिले नाहीत. "दहा दिले की मूल अभ्यास सोडतें," म्हणायच्या. माझ्या आमटीला पहिल्या दिवशी तीन मिळाले. पुढे पिठल्याला साडेसात. त्या साडेसातवर मी आठवडाभर खुशीत होते.

त्यांचं मराठी माझ्यासारखं नव्हतं. त्यांची माणसं कधी काळी महाराष्ट्रातून तंजावरला आली, ती तिकडचीच झाली. बाईंनी महाराष्ट्र नकाशाशिवाय कुठे पाहिला नव्हता. गोदावरी मात्र डोळे मिटून काढायच्या. त्या बोलायला लागल्या की पहिला महिना मला वाटायचं, कोणी पोथी वाचतंय, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तमिळ हेल काढतंय.

मी त्यांच्याकडे आले ती नवरा गेल्यानंतर. तो चाकणला गाड्यांच्या कारखान्यात होता, कंपनीने इकडे पाठवलं म्हणून आम्ही आलो, आणि दोन वर्षांत मी एकटी राहिले. गावाला घर होतं. पण तिथे मला बघायला टपलेली माणसंही होती, म्हणून गेले नाही. बाईंना स्वयंपाकाला मराठी बोलणारं माणूस हवं होतं. त्यांनी विचारलं, "शिक्षण कितीं?" मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हटलं, "चौथी."

"सरी, बरें. नांव लक्षांत राहत नाही मला. तेंच ठेवूं."

तेव्हापासून मी चौथी. सुरुवातीला लाज वाटायची. मग कळलं, त्या कोणालाच सोडत नाहीत. समोरच्या घरातल्या मामींचा जावई मोठा इंजिनिअर, घडाघडा बोलणारा, त्याला त्या 'तोंडी परीक्षा' म्हणायच्या, कारण लेखी त्याच्याकडून काही होत नसे.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला एक दोनशे पानी वही दिली. रोज एक ओळ लिही म्हणाल्या. मी लिहायची : तूरडाळ संपली. कढीपत्ता आणणे. बाई वाचून म्हणायच्या, "हें वाणी लिहितो. तूं काय लिहितेस?" मला सुचायचं नाही. मनात बरंच असायचं, पण ते कोणी वाचेल या भीतीने मी कढीपत्त्यावर थांबायची.

आता कोलूचं सांगते, कारण हत्ती त्याच्यामुळेच घरात आला.

इकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडतात, त्यावर पांढरं कापड घालतात आणि बाहुल्या बसवतात. त्याला कोलू म्हणतात. नऊ दिवस संध्याकाळी बायका एकमेकींचे कोलू बघायला जातात, कोणी गाणं म्हणतं, सगळ्यांना हरभऱ्याची उसळ मिळते, तिला सुंडल म्हणतात, आणि निघताना हळदकुंकू, पान, सुपारी, नारळ. दर वर्षी एक तरी नवी बाहुली आणावी लागते. बाईंच्या आईने कधी हे चुकवलं नव्हतं आणि बाईंनीही नाही. त्यांच्याकडे लाकडाची जुनी राजा-राणी होती, मातीचे देव होते, आणि एका वर्षी दुसरं काही सुचलं नाही म्हणून साबणाचा ससा होता.

बायका यायच्या वेळेला मी स्वयंपाकघरात असायची. सुंडल तयार करून वाट्या भरून ठेवायची, बाई येऊन घेऊन जायच्या. मला कोणी आत राहा म्हणून सांगितलं नव्हतं. पण बाहेर हळदकुंकू चाललंय म्हटल्यावर पाय आपोआप आत वळायचे. गावाला तसंच शिकवलं होतं, न शिकवता.

त्या वर्षी समोरच्या मामींनी आदल्या आठवड्यात येऊन सांगितलं, की त्यांच्या कोलूत यंदा रॉकेट आहे. बटण दाबलं की वर जातं आणि खाली येतं. सांगता सांगता बाईंच्या हातावर सोनेरी कागदातलं एक चॉकलेट ठेवलं. "लेकीनं आणलंय. इम्पोर्टेड. नवीन दुकान निघालंय मॉलमध्ये. तिथं चॉकलेटचे प्राणी पण करतात."

मामी गेल्यावर बाईंनी ते चॉकलेट दिव्याखाली धरून सगळ्या बाजूंनी तपासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "चौथी, चांगलें लुगडें नेस. परीक्षा घ्यायला जायचें आहे."

दुकान काचेचं होतं. आत इतकी थंडी आणि इतका उजेड, आणि सगळे इतक्या हळू बोलत होते, की बाईंनी दारातच चपला काढल्या. दाराशी उभा असलेला वॉचमन म्हणाला, "अम्मा, घालून या, चालतं." बाई मला म्हणाल्या, "ऐसा थंडावा, ऐसें कुजबुजणें. गाभाराच असेल. देव कोणता तें पाहूं दे, मग घालतें." मीही चपला काढल्या. गार फरशीवर आम्ही दोघी अनवाणी.

टी. नगरच्या सराफाकडे अंगठ्या मांडतात तशी चॉकलेटं मांडली होती. काळे हातमोजे घातलेली एक मुलगी चिमट्याने एकेक उचलून चवीला देत होती. पुढचं सगळं तमिळमध्ये झालं, मी मराठीत लिहितेय.

"हे बेल्जियमचं आहे मॅम. अस्सल."

"बेल्जियममध्ये कोकोचं झाड आहे?"

मुलगी हसली. "असणारच ना मॅम."

"तिथे बर्फ पडतो. झाड मरेल. बाकावर उभी राहा."

ती पोरगी खरंच बाक शोधायला लागली. तिची शाळा सुटून फार दिवस झाले नसावेत. तेवढ्यात टाय लावलेले मॅनेजर आले. त्यांनी विचारलं, काही अडचण आहे का. बाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "स्वित्झर्लंडमध्ये असेल, मॅडम."

"तूही उभा राहा."

मी बाईंच्या पाठीमागे जितकी मावेन तितकी मावले. आणि मग दाराकडून आवाज आला. वॉचमनने हात वर केला होता, वर्गात करतात तसा.

"अम्मा, मला येतं."

"सांग."

"पोल्लाचीला. माझ्या मामाच्या बागेत आहे. नारळाच्या सावलीत लावतात. फळ फांदीला नाही, खोडालाच लागतं, फणसासारखं."

बाईंचा चेहरा असा झाला, की बत्तीस वर्षं त्या याच उत्तराची वाट बघत होत्या. पेन्सिल काढली, दुकानाच्या जाहिरातीच्या कागदावर लिहिलं आणि म्हणाल्या, "दहातले नऊ तुला. एक झाडाला." मग मुलीला सांगितलं, "पहिला तुकडा त्याला दे." मॅनेजरने मान डोलावली. मुलीने चिमट्याने तुकडा नेऊन त्याच्या हातावर ठेवला. तो रोज त्या दाराशी उभा राहायचा, पण त्याने ते कधी खाल्लेलं नव्हतं. हे कोणी सांगायला नको होतं. तो तुकडा तोंडात ठेवून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग बाईंनी चव घ्यायला सुरुवात केली. बाईंची एक रीत होती, ओठ कशालाच लावायचे नाहीत. पाणी वरून, कॉफी वरून, खोकल्याचं औषधसुद्धा वरून. चॉकलेटही त्यांनी मान मागे करून वरूनच सोडलं. मीठ घातलेल्या चॉकलेटला तीन मिळाले : "मीठ चुकून पडलेलं दिसतं, आणि कबूल करत नाहीत." मिरचीच्या चॉकलेटला सात.

"तुझे किती गे?" बाईंनी एकदम मराठीत मला विचारलं. मुलगी चिमटा माझ्यापुढे धरून उभी होती.

मी मान हलवली. नको.

"उपास आहे?"

"नाही."

"मग?"

चार माणसं बघत होती. माणसं बघत असताना मला घास गिळता येत नाही, हे काय सांगणार? मी फरशीकडे बघत राहिले. बाईंनी पुढे विचारलं नाही. फक्त माझ्याकडे बघितलं, प्रश्न अवघड गेलेल्या मुलीकडे बघावं तसं.

मग त्यांनी गरम चॉकलेट मागवलं. ते कपात आलं. बाई म्हणाल्या, दबरा-टंबलर द्या. इकडे कॉफी त्याच्यातच देतात, वाटी आणि पेला, एकातून दुसऱ्यात ओतून निववायची. दुकानात ते नव्हतं. बाईंनी दोन कागदी पेले मागितले आणि उभ्या राहून ओतायला लागल्या. आधी वीतभर, मग हातभर. एक हात डोक्याच्या वर, एक कमरेशी, आणि मधे चॉकलेटची तपकिरी धार, न थरथरणारी, न तुटणारी. सगळं दुकान भोवती जमा झालं, मोबाइल निघाले. पांढऱ्या फरशीवर एक थेंब पडला नाही. निवल्यावर वरून प्यायल्या आणि म्हणाल्या, "चार. खीर करायला गेले आणि करपली."

टाळ्या पडल्या. मॅनेजरने तर विचारलं, रविवारी याल का.

हत्ती कोपऱ्यातल्या कपाटात होता. वीतभर उंच, पाठीवर झूल कोरलेली, सोंड वर उचललेली. बाई त्याच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग दोन्ही कानांत बोटं घातली. "घेते. पण किंमत मला सांगू नका. कोलूची बाहुली घेताना किंमत कानावर पडू द्यायची नाही, आईची रीत. चौथी ऐकेल." मी ऐकली. कानात बोटं का घालावीत ते कळलं.

मुलगी म्हणाली, "मॅम, हे अठरा डिग्रीच्या वर ठेवू नका."

"अठरा?" बाई म्हणाल्या. "मद्रासात अठरा झालं तर आम्ही शाळेला सुट्टी देतो."

बर्फाच्या पिशव्या घालून खोकं दिलं. रिक्षात ते माझ्या मांडीवर होतं. बाईंनी रिक्षावाल्याला बजावलं, "हळू चालव आणि लवकर पोचव. पेशंट आहे."

त्याने मागे वळून दोघींकडे बघितलं. "कोण पेशंट?"

"हत्ती."

त्यानंतर तो घरापर्यंत एक अक्षर बोलला नाही.

हत्ती फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी राहिला. पहिल्या दिवशी देवीची पूजा झाल्यावर बाईंनी मला दोन नियम सांगितले. एक, एकदा कोलूवर बसला की तो देव. दसऱ्याला बाहुल्या झोपवतात, तोवर त्याला दात लावायचा नाही. आणि दुसरा, रोज संध्याकाळी बायका आल्या की हत्ती फ्रिजमधून काढून पायरीवर ठेवायचा, आणि त्या गेल्या की परत न्यायचा. "हें तूं करायचें."

"मी? हॉलमध्ये?"

"माझा हात थरथरतो गे. वय झालें. पडला म्हणजे?"

बायकांच्या समोर, हळदकुंकवाच्या ताटापाशी, मी. कोणी म्हणालं, हिनं का हात लावला, तर? पहिल्या संध्याकाळी मी हत्ती स्टीलच्या ताटलीत घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी इतका वेळ उभी राहिले, की ताटलीला घाम आला.

"चौथी! हत्ती वितळतोय की तूं?"

मी गेले. पाच-सहा बायका होत्या. एका पाहुणीने विचारलं, "ही कोण?"

"माहूत," बाई म्हणाल्या. "ही आली नाही तर हत्ती येत नाही."

बायका हसल्या. माझ्यावर नाही, हत्तीवर. मी हत्ती ठेवला आणि पळाले. पण न्यायला पुन्हा जावं लागलं. दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी तर बायका आल्या आल्या विचारायला लागल्या, "माहूत कुठंय?" समोरच्या रॉकेटचं बटण तोवर अडकलं होतं, त्यामुळे गर्दी सगळी आमच्याकडे.

आता जे लिहिते ते लिहायला हात जड होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई झोपल्या असताना मी पीठ बघायला फ्रिज उघडला. संध्याकाळच्या उकाड्याने हत्तीच्या सोंडेचं टोक जरासं वाकलं होतं. सरळ करायला हात लावला, तर ते हातात आलं. परत चिकटेना. बोटांना लागून विरघळायला लागलं. दुकानात चार माणसांपुढे जे नको म्हटलं होतं, ते त्या दुपारी कोणी बघत नसताना तोंडात गेलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. माझ्या मनात आलं, नऊ. आणि मग एकदम बाईंचा नियम आठवला. देवाची सोंड खाल्ली.

पण खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी पण खाल्ली. चौथ्या दिवशी सोंड संपली.

त्या संध्याकाळी मी हत्ती पाठमोरा ठेवला. आणि बघते तर शेपूट नाही. शेपटाला मी हात लावला नव्हता. वाटलं, वितळलं. पण विचार करायला वेळ नव्हता, बाई उठल्या आणि त्यांनी हत्तीचं तोंड पुढे केलं. त्यांची पाठ वळल्यावर मी परत फिरवला. त्यांनी पुन्हा पुढे केला. मी पुन्हा मागे. शेवटी मामी म्हणाल्या, "अहो, सगळे देवाला प्रदक्षिणा घालतात, तुमचा हत्ती स्वतःच फिरतोय."

मग तो आडवा ठेवला, दोन्ही टोकांना मोगऱ्याचे गजरे घालून. मामींनी चष्मा पुसून वाकून बघितलं. "सोंड वर होती ना हो? दिसत नाही."

आता कुठे त्या हॉलमध्ये चार मिनिटं उभं राहायला जागा झाली होती. ती सोंडेपायी जाणार. पुन्हा ओटा, पुन्हा भरलेल्या वाट्या, आणि वर चोर म्हणून नाव.

बाई शांतपणे म्हणाल्या, "खाली घातलीय त्यानं. लाजतो. माहुतावर गेलाय."

सहाव्या दिवशी बाई निघणाऱ्या बायकांना पान-सुपारी देत होत्या. एकीला, दुसरीला, मामींना. मी हत्ती न्यायला वाकले होते. उठले तर बाई माझ्यापुढे तसंच ताट घेऊन उभ्या. पान, सुपारी, हळदकुंकवाची पुडी, नारळ. माझे हात पुढे येईनात. मामी बघत होत्या. सगळ्याच बघत होत्या.

"हात पुढें," बाई म्हणाल्या, वर्गातल्या आवाजात. "छडी नाही मारत."

मी हात पुढे केला. त्यावर पान ठेवताना मी बाईंच्या हाताकडे बघितलं. तो जराही थरथरत नव्हता. तेव्हा मला दुकानातली ती हातभर धार आठवली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

मामींनी आपलं पान पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "सुंडल आज चांगलं झालं होतं. तूच करतेस का?" मी हो म्हटलं. तमिळमध्ये, मोठ्याने. दारापर्यंत ऐकू गेलं असेल.

आठव्या दिवशी हत्तीला कान नव्हते. बाई म्हणाल्या, उंदीर. मामींनी विचारलं, "फ्रिजमध्ये?" बाई म्हणाल्या, "इम्पोर्टेड."

नवव्या दिवशी सरस्वतीची पूजा असते. घरातली पुस्तकं कोलूपुढे ठेवतात, त्या दिवशी वाचायचं-लिहायचं नसतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, ती उचलून सगळ्यांनी थोडं वाचायचं, थोडं लिहायचं, म्हणजे वर्षभर विद्या राहते. बाईंनी आपला नकाशांचा मोठा ग्रंथ ठेवला, आणि त्यावर माझी कढीपत्त्याची वही.

दसऱ्याला पूजा झाली. बाईंनी लाकडाच्या राजा-राणीला आडवं केलं, हत्तीलाही आडवं केलं. तो आता हत्ती कमी आणि डबा जास्त दिसत होता. मग वही माझ्या हातात दिली आणि लाल पेन्सिलही. ती पेन्सिल त्यांनी आजवर कोणाला दिली नव्हती.

"लिही. वाण्याचें नको."

त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी पाटावर बसले. वाटलं, लिहिलं की संपलं. हॉल गेला, माहूतपण गेलं. पण इतके दिवस त्यांनी मला झाकलं होतं आणि मी त्यांना फसवत होते. ते जास्त बोचत होतं. मी लिहिलं :

"हत्तीची सोंड मी खाल्ली."

वही दिली आणि पदराचं टोक दातात धरून बसले. बाईंनी वाचलं. चेहऱ्यावर काही नाही. पेन्सिल घेतली आणि माझ्या ओळीखाली लिहिलं :

"शेपूट मी."

मी वर बघितलं. बाई छताकडे बघत होत्या, पण पोट हलत होतं. मग दोघींना इतकं हसू आलं, की मामी समोरून धावत आल्या, काय झालं म्हणून. आम्ही हत्तीचा मोठा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला. आतून तो पोकळ निघाला. बाईंनी दुकानाचे दोन मार्क तिथल्या तिथे कापले.

वही माझ्याकडे परत आली तेव्हा खाली आणखी एक ओळ होती : "पास. पुढच्या इयत्तेंत बसावें." त्या दिवसापासून त्या मला पाचवी म्हणायला लागल्या. मामींनाही बजावलं, जुन्या नावाने हाक मारायची नाही.

मग दर दसऱ्याला एक ओळ लिहायची आणि वर जायचं. सहावीची ओळ दीड पानाची झाली. सातवीत मी तोंडी परीक्षेच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या मामींना, स्वतःहून घरी जेवायला बोलावलं आणि ते लिहिलं. आठवीच्या वर्षी बाई नवरात्राच्या आधीच गेल्या. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात नर्सच्या सुईला त्यांनी पाच दिले होते. घर पुतण्याने घेतलं. तो म्हणाला, बाहुल्या मी फ्लॅटमध्ये कुठे ठेवू, तुम्हीच न्या. मी नेल्या. आता मी याच गल्लीत एका खोलीत राहते. तीन पायऱ्या मावतात. वर राजा-राणी, खाली साबणाचा ससा. संध्याकाळी मामी येतात आणि मी दार उघडून त्यांना आत घेते. पान-सुपारीचं ताट माझ्या हातात असतं.

यंदा मला पास करायला कोणी नाही. पण वही कोलूपुढे ठेवायची आहे आणि कोऱ्या वहीला बाई कधी सोडत नसत. म्हणून एवढं लिहिलं. आणि एक राहिलंय. त्या दिवशी मी फक्त सोंडेचं लिहिलं होतं, तेवढीच हिंमत होती.

बाई, उंदीर नव्हता. कानही मीच खाल्ले. दोन्ही. मार्क कापायचे तर कापा.